गूगल स्कॉलर: लिटरेचर शोधायला किती कामाचं?

गाईडने "आधी लिटरेचर बघून या", म्हणजे विषयावर आधी काय संशोधन झालंय ते वाचून या, म्हणून पाठवलंय आणि कुठून सुरुवात करायची ते कळत नाहीये, अशा सगळ्यांसाठी लिहितेय. गूगल स्कॉलर म्हणजे संशोधन पेपर शोधायचं गूगलचं सर्च इंजिन, 2004 पासून आहे, फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा. पण बरेच जण वर चार शब्द टाकतात, पहिली दोन पानं चाळतात आणि थांबतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं कारण खरा माल प्रत्येक रिझल्टखालच्या त्या बारीक अक्षरांच्या ओळीत असतो.

त्यातलं 'साइटेड बाय' बघा. समजा विषय झोप आणि स्मरणशक्ती आहे आणि जो तो ज्याचा दाखला देतो असा एक जुना पेपर हाती लागला, तर त्याच्या रेफरन्सेसमधून तुम्ही मागे मागे जाता आणि साइटेड बायवर क्लिक केलं की पुढे, म्हणजे नंतर कोणी कोणी त्याचा आधार घेतला ते सगळं समोर येतं. यादी हजारांत असली तरी घाबरू नका, वरती 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स' असा चौकोन असतो, त्यावर टिक करून टीनएजर्स टाका की यादी बरीच आटोक्यात येते, आणि त्या जुन्या पेपरवर कोणी आक्षेप घेतलेत तेही यातूनच सापडतं. हे एवढं एक फीचर असतं तरी मी स्कॉलर वापरलं असतं.

पेपर पैसे मागत असेल तर 'ऑल व्हर्जन्स' उघडा, लेखकाने स्वतः टाकलेली पीडीएफ पुष्कळदा तिथे मिळते.

आता उणिवा, आणि या गंभीर आहेत. क्रमवारीत साइटेशन्सना, म्हणजे किती जणांनी दाखला दिलाय त्याला, वजन असल्यामुळे जुने गाजलेले पेपर वर बसतात, नवीन खाली राहतात, म्हणून डावीकडचं वर्षाचं फिल्टर लावाच. ('सॉर्ट बाय डेट'वर विसंबू नका, ते फक्त गेल्या वर्षभरात अ‍ॅड झालेलंच दाखवतं.) आकडा लाखांचा दिसला तरी बघायला पहिले 1000च मिळतात. पीअर रिव्ह्यू झालेलेच, म्हणजे त्या विषयातल्या इतर तज्ज्ञांनी तपासलेलेच पेपर दाखव असं सांगायची सोय नाही, थीसिस, प्रीप्रिंट (अजून न तपासलेले पेपर), पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स, सगळं एकाच यादीत. त्यामुळे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचं सगळं संशोधन ठरलेल्या पद्धतीने गोळा करून तपासणं) करणाऱ्यांनी एकट्या स्कॉलरवर राहू नये, मेडिकलवाल्यांना तर पबमेड हा वैद्यकीय पेपरांचा डेटाबेस हवाच. आणि 'साइट' (Cite) या तयार रेफरन्स देणाऱ्या बटणातून घेतलेला रेफरन्स जर्नलच्या पानाशी ताडून बघा, पान नंबर, लेखकांची नावं यात गडबड असू शकते.

माझ्याकडून पाचपैकी चार. महत्त्वाच्या दोनतीन पेपरांच्या साइटेड बाय यादीवर 'क्रिएट अलर्ट' आजच लावा, त्यांना साइट करणारं नवीन काही आलं की मेल येतो, आणि थीसिस सबमिट होईपर्यंत तो बंद करू नका.