आत्ताच प्रत्यारोपण, की जीन थेरपीची वाट?

आई किडनी द्यायला तयार आहे, पण ‘जन्मभर गोळ्या कोण खाणार, जीन थेरपी येतेय’ म्हणून तुम्ही थांबला असाल, तर हे तुमच्यासाठी. मी स्वतः भावाच्या किडनीवर जगतोय.

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांची वाट मळलेली आहे. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, थोडं स्टेरॉइड. सकाळी 9, रात्री 9. टॅक्रोची लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी खिशात घालून लॅबला जायचं आणि रक्त दिलं की तिथेच घ्यायची. आधी घेतली तर आकडा चुकतो. कपबशी धरताना माझा हात थरथरतो तो याच औषधाने. साखर वाढू शकते, संसर्ग पटकन होतो, आणि किडनी सांभाळणारं हे औषध वर्षानुवर्षं घेतल्यावर तिलाच इजा करू शकतं. हा त्रास मी कमी लेखणार नाही.

म्हणूनच जीन थेरपीची ओढ मला कळते. सगळी प्रतिकारशक्ती दाबायची नाही, पेशींत जनुक घालून ती फक्त नव्या अवयवापुरती शांत करायची. टोरांटोच्या संशोधकांनी 2009 मध्ये, प्रत्यारोपणाला नापास ठरलेली मानवी फुप्फुसं यंत्रावर जिवंत ठेवून त्यांत आयएल-10 या दाह शमवणाऱ्या प्रथिनाचं जनुक सोडलं. फुप्फुसं सुधारली, पण ती कुणाला बसवली नव्हती. दुसरा प्रयत्न रुग्णाच्याच नियामक टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींचा. दात्याच्या अवयवावरची एचएलए-ए2 ही खूण ओळखणारं जनुक त्यांत घालून त्या परत शरीरात सोडतात. किडनीच्या रुग्णांवर याची चाचणी झाली आहे, पण मोजक्याच जणांवर आणि सुरुवातीच्या टप्प्यातली.

डुकराच्या किडनीच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतील. न्यूयॉर्कला नोव्हेंबर 2024 मध्ये बसवलेल्या किडनीत 10 जनुकीय बदल होते, तरी गोळ्या सुटल्या नव्हत्या. संसर्ग झाला म्हणून औषधं कमी केली, शरीराने किडनी नाकारली आणि 130 दिवसांनी ती काढावी लागली.

माझं मत विचाराल तर थांबू नका. डायलिसिसवर जाणारं प्रत्येक वर्ष हृदयाला महागात पडतं, आणि तोवर आईचंही वय वाढतं. जिवंत दात्याची किडनी साधारण 15 ते 20 वर्षं साथ देते. त्या काळात नवे उपचार आले, तर त्यांचा विचार तेव्हा करता येईल. घरात दाता नसेल, तर रुग्णालयातल्या समन्वयकाला गाठून झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय केंद्राच्या) यादीत नाव याच आठवड्यात घाला.