गीर म्हणून गळ्यात मारलेली जर्सी

लातूरकडच्या एका पशुपालकाने फेब्रुवारीत मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून गाय आणली. दलालाचे बोल ठरलेले : शुद्ध गीर (गुजरातची देशी जात), दुसरं वेत, दोन्ही वेळचं मिळून १६ लिटर, ऊन कितीही असो. एप्रिलच्या मध्याला गाय दुपारी तोंड उघडं टाकून धापा टाकू लागली आणि दूध ६ लिटरवर आलं. निघाली विदेशी जर्सीचा संकर.

जर्सीचा संकर बहुधा तांबूस असतो, म्हणून रंगावर गीर म्हणून खपून जातो. शिंगं लहानपणीच जाळलेली असली तर आणखी सोपं, कारण गीरची शिंगं खाली-मागे वळून मग वर जातात. ते वळण पाहायलाच मिळत नाही. कपाळ मात्र झाकता येत नाही. ते समोरून नको, बाजूने पाहा. गीरचं कपाळ घुमटासारखं पुढे आलेलं असतं. डोळ्यांमध्ये सपाट किंवा खोलगट दिसलं तर थांबा. कान लांब, लोंबता, गुंडाळलेल्या पानासारखा, टोकाशी खाच असलेला हवा. वशिंड बसकं आणि गळ्याखालची पोळी आखूड दिसली तर किंमत संकराचीच बोला. संकर वाईट नसतो, त्याला गीरचा भाव देणं वाईट. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक जरूर पडताळा, पण त्या नोंदीतली जात कोणीतरी लिहिलेलीच असते, तिच्यावर विसंबू नका.

दुधाची लबाडी निराळी. आदली धार चुकवून कास तुंबवतात आणि २४ तासांचं दूध एका वेळचं म्हणून मोजून दाखवतात. म्हणून तीन धारा बघायच्या : पहिल्या संध्याकाळी समोर सड रिकामे होईपर्यंत पिळून घ्या, ते दूध हिशेबात धरू नका, पुढची सकाळ आणि संध्याकाळ मोजा. रात्री आपला माणूस गोठ्यात झोपवा, नाहीतर पहाटे पान्ह्याचं इंजेक्शन टोचलं जातं. वासरू तिचंच आहे का, हे ती त्याला चाटते का, अंगाला लागू देते का यावरून कळतं.

बाजार सकाळचा, गारव्यातला. उन्हाळ्यात सौदा करायचा तर दुपारी २ नंतर जा, सावलीत उभ्या गाईच्या कुशीची हालचाल, म्हणजे तिचे श्वास, पूर्ण एक मिनिट मोजा. ६० च्या पुढे गेली तर तिला ऊन सोसत नाही. कमी दूध चालत असेल तर देवणी, लाल कंधारी या इथल्याच देशी जातींची गाय पंचक्रोशीतच मिळते. गेला मे तिने कसा काढला, ते शेजारीच सांगतात.