पंचवार्षिक दैनंदिनी: १८२६ रात्री वापरल्यानंतर

३१ डिसेंबरला रात्री आमच्या वहीतला शेवटचा चौकोन भरला. १ जानेवारी २०२१ ते ३१ डिसेंबर २०२५, एकूण १८२६ रात्री. वही घेताना, ती पूर्ण भरलेल्या माणसाचा अभिप्राय मी खूप शोधला होता आणि मिळाला नव्हता. म्हणून आता मीच सविस्तर लिहिते.

वस्तू साधी आहे. ए-५ आकाराची जाड वही, तारखेला एक पृष्ठ अशी ३६६ पृष्ठं. प्रत्येक पृष्ठावर एकाखाली एक पाच चौकोन, एकेका वर्षाचा एक, आणि चौकोनात पाच ओळी. आजचं लिहायला बसलं की गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी याच तारखेला काय लिहिलं होतं ते वर दिसतच असतं.

घरात आम्ही पाच जण. सासूबाई, हे, मी, मुलगी आणि मुलगा. वही आणली तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती आणि मुलगा सहा. नियम मी घातला: निजायच्या आधी एकाने लिहायचं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत पाळी, आणि त्या दिवशी घरात जे बरं वाटलं ते एकच. घरातलंच हवं, बाहेरचं यश नको. आईंनी त्यात एवढीच भर घातली की त्या जे लिहितील ते देवाला उद्देशून लिहितील, बाकीच्यांनी आपापलं बघावं. ह्यांचा देवावर विश्वास नाही आणि आईंनी त्यावरून त्यांना कधी टोकलेलं नाही.

आधी तक्रारी सांगून टाकते, कारण मी स्वतः छापखान्यात बाइंडिंगच्या कामाला आहे आणि हे माझ्या डोळ्याला आधी दिसतं. रोज उघडायची, पाच वर्षं टिकायची वही गोंदाने बांधणं ही चूक आहे. या पद्धतीत फॉर्म्यांच्या (एका मोठ्या कागदाला घड्या घालून झालेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या) घड्या कापून टाकतात आणि सुट्या पानांच्या कडेला गोंद लावून वर कव्हर चिकटवतात. कादंबरी दोनदा वाचली जाते, तिला हे चालतं. आमची वही तिसऱ्या वर्षी मधोमध उकलली आणि जुलैची पानं हातात आली. कंपनीला कळवलं तर त्यांनी तत्परतेने नवी कोरी वही पाठवायची तयारी दाखवली. अडीच वर्षं लिहिलेल्या वहीच्या बदली कोरी वही घेऊन मी काय करणार?

शेवटी मीच ती कामावर नेली. घड्या कापलेल्या असल्यामुळे फॉर्म्याच्या मधून दोरा घालता येत नाही, कडेने टोचून शिवावी लागते. शिवली, पाठीला कापड लावलं, घट्ट झाली. पण कडेने शिवलेली वही सपाट उघडत नाही आणि आतल्या बाजूचं अर्धं बोट शिवणीत जातं. मुलगा समासात लिहायचा, त्याची कितीतरी अक्षरं आत गेली आहेत. तेव्हा घेताना वही उभी धरून पाठीकडून बघा. पानांच्या घड्यांचे गठ्ठे दिसले आणि मधे दोरा दिसला तरच घ्या.

कागद मात्र चांगला आहे, ८० जीएसएमचा, शाई मागे उमटत नाही. शाई कोणती वापरायची हे वहीवर कुठेही लिहिलेलं नाही, ते लिहायला हवं होतं. पहिल्याच जूनमध्ये तांब्या कलंडला आणि शाईच्या पेनाने लिहिलेल्या दोन तारखा निळ्या डागात गेल्या, कारण साध्या निळ्या शाईतला रंग पाण्यात विरघळतो. मधली तारीख मुलाची होती. त्याने पेन्सिलीने लिहिलं होतं आणि ते जसंच्या तसं राहिलं. पेन्सिलीतलं ग्राफाइट म्हणजे कार्बनच, त्याला ना पाणी लागत ना ऊन. मुलीने एकटीने केलेल्या पहिल्या बसप्रवासाचं तिकीट चिकटवलं होतं, तो थर्मल कागद, शाईऐवजी उष्णतेने छापलेला. वर्षभरात कोरा पांढरा झाला. असलं काही ठेवायचं असेल तर झेरॉक्स काढून चिकटवा.

आता जे कंपनीनेही जाहिरातीत लिहिलेलं नाही ते.

१ जानेवारी २०२२ ला पाळी पुन्हा आईंचीच आली. २ तारखेला पुन्हा ह्यांची. मुलीने कागदावर भागाकार केला: ३६५ ला पाचाने पूर्ण भाग जातो, प्रत्येकाला वर्षात बरोबर ७३ रात्री. म्हणून ज्याची तारीख त्याच्याचकडे परत येते. आम्हाला आधी वाटलं क्रम बदलावा. आई म्हणाल्या, राहू दे, आपल्या तारखेला आपणच उत्तर द्यावं. त्यामुळे आमच्या वहीत एका पृष्ठावर बहुतेक चौकोनांत एकच हस्ताक्षर खाली खाली उतरत जातं.

आभार लिहिण्यावर मानसशास्त्रज्ञांनी काम केलेलं आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ मध्ये छापलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी लिहायला सांगितलं होतं. त्यांना कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा आपलं आयुष्य बरं वाटू लागलं. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. हे मला अगदी पटतं. रोज एकाच माणसाने आभार मानले की शब्द गुळगुळीत होतात. आमच्याकडे वही रोज उघडते पण माणसाची पाळी पाचव्या दिवशी येते. मधले चार दिवस तो नुसता बघत असतो, आपल्या पाळीला काय लिहायचं ते. माझ्या मते या वहीचा खरा उपयोग तिथे आहे, त्या बघण्यात. तुमच्या घरात एकटेच लिहिणार असाल तर रोजचा हट्ट धरू नका.

ह्यांचं लिहिणं सुरुवातीला मला खुपायचं. पाच ओळींचा चौकोन आणि त्यात दोन शब्द: ‘सगळे घरी.’ पाच दिवसांनी पुन्हा तेच. मुलीने मोजलं, २०२१ मध्ये ७३ पैकी ४१ वेळा ‘सगळे घरी’. मी एकदा आईंकडे कुरकुर केली की हे पाळी उरकतात नुसती. आई चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, ‘मी रोज हेच मागते गं. तो मागत नाही, पोचपावती देतो.’ त्यानंतर मी काही बोलले नाही.

२१ जानेवारीचं पृष्ठ आहे तसं उतरवते.

२०२१: ‘देवा, काल रात्री सगळे एकाच खोलीत निजलो. पहाटे जाग आली तर अंधारात एकेकाचा श्वास ऐकू येत होता. मोजले. चार. पाचवा माझा. मग उठले नाही, तशीच पडून राहिले.’

२०२२: ‘देवा, धाकट्याने आज बुटाची नाडी स्वतः बांधली. सुटली. पुन्हा बांधली.’

२०२३: ‘देवा, सुनेने आज माझे केस विंचरून दिले. मीच सांगितलं.’

२०२४: ‘देवा, बटण लावलं.’

पहिल्या वर्षीचं अक्षर चौकोन भरून आहे, टपोरं, शाळामास्तरणीचं. दुसऱ्या वर्षी ओळ शेवटाकडे जरा बारीक होते. तिसऱ्या वर्षी सुरुवातच बारीक. चौथ्या वर्षीचे तीन शब्द वाचायला मला दिव्याखाली वही धरावी लागली होती. आम्ही रोज वाचत होतो आणि कुणालाच ते दिसलं नव्हतं. हात जड वाटतो म्हणून त्यांना आधी एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे वयोमानाने होतं असं सांगून परत पाठवलं होतं, आणि आम्ही तेच धरून बसलो.

१५ फेब्रुवारी २०२४ ला त्यांना न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या दिवशी पाळी आईंचीच होती आणि परतायला उशीर होणार, म्हणून मुलीने वही पिशवीत टाकली होती. डॉक्टरांनी आईंना एक वाक्य लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं. मुलगी म्हणाली, आजी हल्ली इतकंच बारीक लिहिते, आणि वही काढून २१ जानेवारी उघडली. डॉक्टरीणबाईंनी पृष्ठ वरून खाली पाहिलं, मग १६, मग २६. बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर हात, मनगटं, चालणं सगळं नीट तपासून त्यांनी सांगितलं, पार्किन्सन्स आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेला, हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार. अक्षर लहान लहान होत जाणं हे त्याचं जुनं, माहितीतलं लक्षण आहे आणि पुष्कळदा ते लवकर दिसू लागतं. हात थरथरायलाच हवेत असं नसतं. आईंचे थरथरत नव्हते, म्हणून आम्ही गाफील.

निदान अर्थात वहीने झालं नाही, तपासणीने झालं. पण तीन वर्षांत काय बदललं हे त्या बाईंना एका नजरेत दिसलं. तोंडाने सांगायला लागलो असतो तर आम्हाला ते सांगता आलं नसतं.

घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. रात्री आईंनी वही मागितली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘जनीला दळताना भेटला. मला बटण लावताना भेटतो, इतकंच.’ मग लिहिलं. काय लिहिलं ते त्यांचं आणि देवाचं, इथे देत नाही.

दोनच आठवड्यांनी २९ फेब्रुवारी आला. पाच वर्षांच्या वहीत हे पृष्ठ एकदाच लागतं, चार चौकोन रिकामे राहतात. पाळी मुलाची होती. त्याने आपलं लिहिलं आणि विचारलं, उरलेले कुणाचे? चार चौकोन आणि आम्ही उरलो चौघं. त्या रात्री पाचही जणांनी लिहिलं. सगळ्या वहीत पाचही अक्षरं एकत्र असलेलं तेवढं एक पृष्ठ. आणि त्या एका जादा दिवसाने सगळ्यांच्या तारखा एकेकाने सरकल्या. २०२५ मध्ये २१ जानेवारी ह्यांच्याकडे आली. आईंच्या चार नोंदींखाली पाचव्या चौकोनात ह्यांच्या अक्षरात आहे: ‘सगळे घरी.’

आईंना गोळ्यांनी फरक पडला आहे. शिवाय थेरपिस्टने मोठ्या रेघांवर मुद्दाम मोठं अक्षर काढायचा सराव दिला, तो त्या नेमाने करतात. इथे मात्र वही तोकडी पडते. पाच बारीक ओळी म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला दोघांनाही अडचणीच्या आहेत. या कंपनीने, किंवा कुठल्याही कंपनीने, तीन ठळक रेघांची आवृत्ती काढावी. मी कळवलं आहे. अजून उत्तर नाही.

तर घ्यावी का? शिवलेली मिळाली तर जरूर घ्या. गोंदाची असेल तर घेऊ नका, त्यापेक्षा जाड शिवलेली साधी वही आणून स्वतः रेघा मारा. २०२६ साठी मी तेच केलं आहे: सोळा पानी फॉर्मे, मधून दोरा, चौकोनाला तीन रेघा. भेट द्यायची असेल तर एकट्या माणसापेक्षा घराला द्या. आणि पहिलं वर्ष कंटाळवाणं जातं हे सांगून द्या, कारण तेव्हा वर वाचायला काहीच नसतं. आम्हीही पहिल्या ऑगस्टमध्ये सोडायच्या बेतात होतो.

हिशेबाने शेवटची रात्रही आईंच्याच वाट्याला आली. पेन जाड घेतलं होतं. त्यांना दहा मिनिटं लागली, कुणी घाई केली नाही. तीन शब्दांनी सगळा चौकोन भरला आहे: ‘देवा, सगळं पोचलं.’ अक्षर इतकं मोठं काढलं आहे की ‘सगळं’वरचा अनुस्वार रेघ ओलांडून २०२४ च्या चौकोनात गेला आहे.