रिटर्न स्वतः तपासू की दुसऱ्या सीएकडून?

दादरला छपाईचा धंदा करणाऱ्या मित्राने विचारलं: भागीदारीचं आयकर रिटर्न भरण्याआधी घरीच तपासू, की दुसऱ्या सीएला दाखवू?

खर्चाचं उघड आहे. घरी फक्त रविवार जातो, सीए फी घेणार.

खरा फरक कुठल्या चुका सापडतात त्यात. २६एएस आणि एआयएसशी (आयकर खात्याकडची आपल्या कराची आणि व्यवहारांची नोंद) टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर, जुळतो का, जीएसटीतली उलाढाल आयटीआर-५ मध्ये (भागीदारीच्या रिटर्नचा फॉर्म) तेवढीच आहे का, हे मालकालाच पटकन कळतं. बिलं त्याच्या डोक्यात असतात. पण भागीदारांचं व्याज १२ टक्क्यांच्या आत आहे का, त्यांचा पगार आयकर कायद्यातल्या कलम ४०(ब) च्या मर्यादेत बसतो का, आणि मुळात दोन्ही करारनाम्यात लिहिलंय का, इथे घरच्या नजरेला सगळं बरोबरच दिसतं. (करारनामा कपाटात असतो, उघडतो कोण?)

कंपनी असेल तर आयटीआर-६. कंपन्यांसाठीचा सवलतीचा २२ टक्के कराचा दर पहिल्यांदा घेताना, तो निवडल्याचं कळवणारा फॉर्म १०-आयसी मुदतीत भरला नाही तर तो दर हुकतो.

दोघंच भागीदार, साधे व्यवहार, करारनामा तोच, तर घरी तपासा. भागीदार बदलला, कर्ज घेतलं किंवा कंपनी असेल, तर फी द्या.