विंडोज ९८ वर आवाज: व्हीएक्सडी की डब्ल्यूडीएम?

नौपाड्यातल्या आमच्या पोटमाळ्यावर एक पेंटियम थ्री आहे. त्यात साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड. विंडोज ९८ सेकंड एडिशनवर या कार्डासाठी दोन जातीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) चालतात, जुन्या पद्धतीचा व्हीएक्सडी आणि नव्या पद्धतीचा डब्ल्यूडीएम, आणि फरक मोठा आहे.

डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचे, गेम खेळायचे असतील तर माझं मत ठाम आहे: व्हीएक्सडी. त्यासोबत येणारा डॉस ड्रायव्हर शुद्ध डॉसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू न करता, साउंड ब्लास्टर १६ या जुन्या कार्डाची नक्कल करतो. त्यासाठी मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या दोन फायलींत भर लागते: ऑटोएक्झेक डॉट बॅटमध्ये 'सेट ब्लास्टर'ची ओळ, जी गेमला कार्ड कुठे सापडेल ते सांगते (ए२२० म्हणजे पोर्ट, आय५ म्हणजे इंटरप्ट, डी१ म्हणजे डीएमए), आणि कॉन्फिग डॉट सिसमध्ये ईएमएम३८६ हा मेमरी सांभाळणारा प्रोग्राम. गेमच्या सेटअपमध्ये हेच आकडे भरायचे. एक आकडा चुकला की गेम मुका. मी दोन रात्री यातच घालवल्या, पण पहिली बंदुकीची गोळी वाजली तेव्हा धाकटी बहीण जिन्यावरून धावत वर आली!

डब्ल्यूडीएम नवीन पद्धतीचा, विंडोज २००० च्या घरातला. विंडोजमधल्या डॉस खिडकीत तो १६ हूनही जुन्या साउंड ब्लास्टर प्रो कार्डापुरती नक्कल देतो, शुद्ध डॉसमध्ये काहीच नाही. शिवाय आवाज विंडोजच्या मिक्सरमधून (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या भागातून) जातो, त्यामुळे सुमारे ३० मिलिसेकंद उशीर होतो. फक्त विंडोजचेच गेम असतील तर तो खुशाल घ्या.

बदलताना जुना ड्रायव्हर आधी पूर्ण काढा, मशीन रीस्टार्ट करा, मगच दुसरा टाका.