सेव्हिलला आईवडिलांना घेऊन जाणार असाल, तर रोझमेरीच्या डहाळीपासून त्यांना जपा

एप्रिलच्या सुरुवातीला मी आई आणि मावशीला घेऊन स्पेनला गेले होते. सेव्हिलमध्ये पहिल्याच सकाळी आईचे ५० युरो गेले. पण पैशांपेक्षा तिच्या मनाला लागलं ते वेगळंच. तुमच्या घरच्यांवर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी कॅथीड्रलच्या तिकिटांच्या रांगेत होते. ऊन लागू नये म्हणून दोघींना वीसेक पावलांवर संत्र्याच्या झाडाखाली उभं केलं होतं. इथल्या रस्त्यांच्या कडेला कडू संत्र्याची झाडं आहेत आणि त्या दिवसांत ती पांढऱ्या फुलांनी भरलेली असतात. मावशी फोटो काढण्यात रमली होती. तेवढ्यात एक बाई आली आणि तिने आईच्या हातात एक हिरवी डहाळी ठेवली. "रेगालो, रेगालो," असं म्हणत होती. रेगालो म्हणजे भेट.

आई कोल्हापूरची. चैत्रात जोतिबाला दवणा वाहण्यात तिचा जन्म गेला. देवळाच्या दारात कुणी सुवासिक पाला हातात दिला, तर तो नको म्हणायचं तिच्या मनातही येत नाही. तिने डहाळी कपाळाला लावली. मावशीला म्हणाली, "इथंही दवणा देतात बघ."

डहाळी दिलेला हात त्या बाईने सोडलाच नाही. तळहात उलगडला, अंगठ्याने रेषा ओढत गेली, तीन बोटं दाखवली, छातीवर हात ठेवून डोळे मिटले. आईला एक शब्द कळत नव्हता, पण आशीर्वाद देते आहे एवढं कळलं. मग बाईने हात पुढे केला. आईने दोन युरोचं नाणं काढलं, तर मान हलवून म्हणाली, "मोनेदा नो, पापेल." नाणं नको, कागद हवा. नाणं दिलं तर अपशकुन होतो असं त्या खुणेने सांगतात. आईने बटवा उघडला. दहाची नोट शोधत होती, तोवर तिच्या बोटांतली ५० ची नोट ओढली गेली. त्याच वेळी दुसरी बाई मावशीच्या समोर येऊन उभी राहिली होती, तिला इकडचं दिसू नये अशी.

मी धावत पोचले आणि नोट परत मागितली. त्या बाईचा चेहराच बदलला. आईकडे बोट रोखून ओरडली, जमिनीवर थुंकली आणि गर्दीत शिरली. आपले जवळपास पाच हजार रुपये गेले, ते गेलेच. आईने स्वतःच्या हाताने बटवा उघडला होता, त्यामुळे तक्रार करायची तर सांगायचं काय, हेही मला सुचेना.

रात्री अंधारात आईने विचारलं, "ती शेवटी काय बोलली गं? नातवंडांना काही लागणार नाही ना?" घास नीट गेला नव्हता तिचा. परक्या माणसाची श्रद्धा हेरून तिच्यावर असं ओझं टाकून जाणं, याचा मला आजही संताप येतो.

सकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, हा जुना धंदा आहे, गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कॅथीड्रल आणि अल्काझार राजवाड्याच्या आसपास रोज चालतो. डहाळी रोमेरोची, म्हणजे रोझमेरीची. मग ती आईला बाहेर घेऊन गेली आणि कोपऱ्यावरच्या बागेचं कुंपण दाखवलं. सगळं रोझमेरीचं. आईने एक पान चुरगळून वास घेतला आणि पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

तेव्हा घरच्यांना निघण्याआधीच सांगा: हातात काही घ्यायचं नाही, हात मागे बांधायचे, "नो, ग्रासियास" म्हणायचं आणि चालत राहायचं, थांबायचं नाही. डहाळी हातात आलीच तर टाकून द्या, काही होत नाही. मोठ्या नोटा वेगळ्या ठेवा. आणि तिकिटं ऑनलाइन काढा, म्हणजे रांगेपायी वडीलधाऱ्यांना एकटं सोडावं लागणार नाही. माझी चूक तीच झाली.

खाण्यातही एकदा फसलो. मेनूत एकाच पदार्थाचे तीन भाव असतात: तापा म्हणजे लहान बशी, मेदिया म्हणजे अर्धी, रासिओन म्हणजे पूर्ण. आम्ही नुसती नावं सांगितली आणि वेटरने सगळं रासिओनच आणलं, वर न मागितलेला पाव आणि ऑलिव्ह. बिल ७४ युरो. मी 'ओखा दे रेक्लामासिओनेस', म्हणजे तक्रारीचा अधिकृत फॉर्म मागितला. तो ठेवणं तिथे बंधनकारक आहे. ऑलिव्हचे आणि पावाचे पैसे लगेच कमी झाले, बाकीचे द्यावे लागले. ऑर्डर देताना "तापा" हा शब्द म्हणाच. शाकाहारी असाल तर 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' मागा. पालक आणि काबुली चणे, जिऱ्याच्या वासाचे. आईने दोनदा घेतलं. साल्मोरेखो हे टोमॅटोचं गार सूप छान असतं, पण त्यावर अंडं आणि हॅमचे तुकडे घालतात, ते आधीच नको म्हणून सांगा.

हातपंखे घेताना 'हाताने रंगवलेला' म्हटलं की मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहा. छापील फुलात बारीक ठिपके दिसतात, कुंचल्याच्या फुलात रंगाचा उंचवटा. मावशीने ३० युरोला घेतलेल्या पंख्यात ठिपके निघाले.

तिसऱ्या दिवशी आम्ही कॅथीड्रलच्या हिराल्दा मनोऱ्यावर चढलो. तो मुळात मशिदीचा मिनार. वर जायला पायऱ्यांऐवजी ३५ तिरप्या चढणी आहेत, शेवटी तेवढ्या थोड्या पायऱ्या, त्यामुळे आईचे गुडघे टिकले. खाली आलो तर त्याच झाडाखाली तीच बाई. समोर एक जपानी वाटणारी म्हातारी, हात पुढे केलेली, तळहातावर डहाळी. मी काही म्हणायच्या आत आई तिथे पोचली होती. तिने म्हातारीचं मनगट धरलं, डहाळी काढून त्या बाईच्या जुडीत परत खोचली आणि म्हणाली, "नो, ग्रासियास. चला हो, तुमची माणसं कुठायत?"