कॅसँड्राचं गॉसिप: नोड पडला हे कळतं, गेला हे सांगावं लागतं

कॅसँड्रा या वितरित डेटाबेसच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या (नोडच्या) गटात, हजेरी घेणारा मुख्य नोड नसतो. प्रत्येक नोड दर सेकंदाला एक ते तीन नोडना गाठून हार्टबीटची ('मी जिवंत आहे' या खुणेची) आणि इतरांबद्दलच्या ताज्या माहितीची देवाणघेवाण करतो. हेच गॉसिप.

नोड पडला की नाही, हे ठरवण्याची पद्धत उत्तम आहे. ठोक टाइमआउट नाही. आधीच्या हार्टबीटमधल्या अंतरांच्या सरासरीवरून संशय मोजला जातो. फाय-कन्व्हिक्ट-थ्रेशोल्ड, म्हणजे नोड पडला असं मानण्याची संशयाची मर्यादा, मुळात ८ असते. सरासरी १ सेकंद धरली, तर साधारण १८ सेकंदांच्या शांततेनंतर नोड 'डाउन' ठरतो. नेटवर्क डळमळीत असेल तर १० ते १२ ठेवा. १२ वर हीच वेळ २८ सेकंदांच्या आसपास जाते आणि तोवर विनंत्या मेलेल्या नोडकडे जात राहतात. त्याहून वर नेऊ नका. आणखी एक बारकावा फार मोलाचा: जीसीमुळे (मेमरीच्या साफसफाईमुळे) नोड स्वतःच ५ सेकंदांहून जास्त गोठला, तर शुद्धीवर येताच तो इतरांना मृत ठरवत सुटत नाही.

मात्र हा निकाल ज्याचा त्याचा असतो. म्हणून 'नोडटूल स्टेटस' ही नोडची स्थिती दाखवणारी कमांड निदान दोन-तीन नोडवर चालवून पाहा.

खरी डोकेदुखी सभासदत्वाची. 'डाउन' नोड आपोआप रिंगमधून, म्हणजे डेटा वाटून घेणाऱ्या नोडच्या यादीतून, निघत नाही, आणि हे बरोबरच आहे. नाहीतर साध्या रीस्टार्टलाही डेटा हलू लागला असता. पण मग काढण्याचं काम माणसाकडे येतं. जिवंत नोड काढताना त्याच्यावरच 'डीकमिशन', मेलेल्यासाठी दुसऱ्या नोडवरून होस्ट आयडी देऊन 'रिमूव्हनोड'. 'असॅसिनेट' डेटा हलवतच नाही, फक्त नाव पुसतं. ते अगदी शेवटी वापरा आणि लगेच रिपेअर (प्रतींमधला फरक मिटवणं) करा.

सीडची, म्हणजे नवा नोड क्लस्टरमध्ये शिरताना ज्यांना आधी गाठतो त्या नोडचीही, अशीच गफलत होते. नव्या नोडने स्वतःचाच पत्ता सीडच्या यादीत लिहिला, तर तो बूटस्ट्रॅप (इतरांकडून आपल्या वाट्याचा डेटा घेणं) न करता रिकामाच रिंगमध्ये शिरतो. स्टेटसमध्ये 'यूएन' (चालू आणि सुरळीत) दिसतो, पण वाचताना ओळी गायब. दर डेटासेंटरला दोन-तीन सीड पुरतात.

पडलेल्या नोडसाठीचे हिंट, म्हणजे त्याला नंतर द्यायला राखून ठेवलेले बदल, मुळात ३ तासच साठतात. त्यानंतर परतला तर रिपेअर हवाच. १० दिवस, म्हणजे मूळ जीसी-ग्रेस (पुसल्याच्या खुणा जपण्याची मुदत), उलटल्यावर मात्र त्याला जुन्या डेटासह उठवू नका. पुसलेल्या नोंदी परत जिवंत होतात. डिस्क साफ करून जागी नवा नोड बसवा.